टेकडीची माती कुणी दाखवली?

आमच्या घरी गणपतीची माती हे मोठं गुपित होतं. माळव्यात, धारला आमच्या घराण्यात मूर्ती घडवायचं काम चालत आलेलं. अमझेऱ्याकडच्या एका टेकडीवरची लोण्यासारखी मऊ, पांढरट माती फक्त बाबा आणि देवासचे काका आणत. वाटेत कुणी भेटलंच, तर देवदर्शनाला निघालोय असं सांगायचा रिवाज. मला, पोटच्या मुलीलासुद्धा, ती टेकडी कधी दाखवली नाही. मुलगी परक्या घरी जाणार, म्हणे! अजून राग येतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माडीवर एक भाडेकरू आला. फरशांच्या कारखान्यांसाठी खनिजं शोधणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. एके सकाळी त्यानं अंगणात खाटेवर भलामोठा रंगीत कागद पसरला. उपग्रहानं उन्हाळ्यात टिपलेलं आमच्याच भागाचं चित्र. त्याला गावांची नावं विचारायची होती. बाबांचं बोट फिरत फिरत त्यांच्या टेकडीवरच्या जांभळ्या ठिपक्याशी थांबलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"भिया, ये जगह किसने बताई?"

"किसी ने नहीं, अंकल. सैटेलाइट से दिखी."

प्रत्येक माती ऊन आपापल्या तऱ्हेनं परत फेकते, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शेकडो छटा हा कॅमेरा वेगवेगळ्या ओळखतो, असं तो समजावत राहिला. अशी चित्रं कंपन्या विकत घेतात, कुणी खनिजांसाठी, कुणी पिकांसाठी. बाबांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: जागा दोघांनाच ठाऊक, त्यातले एक ते स्वतः. त्यांनी तिथूनच देवासला फोन लावला आणि सख्ख्या भावाला चोर म्हटलं. पलीकडचं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. आई मध्ये पडली, तर तिच्यावर खेकसले. माझे बाबा असं बोलू शकतात?

आषाढ लागेपर्यंत अबोला चालला. मग एकदा भाडेकरू नमुन्यांच्या पिशव्या घेऊन परतला. बाबांनी सवयीनं त्यातली चिमूटभर माती बोटांत चोळली.

"ये तो वही मिट्टी है!"

"वो टेकरी नहीं, अंकल. दूसरा निशान है, सड़क के इस पार. यहाँ कभी किसी ने खोदा ही नहीं."

ज्या रस्त्यानं बाबा जन्मभर लपतछपत गेले, त्याच्या कडेलाच ती पडून होती. बाबांना आता उमगलं: कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवासला गेलो. काकांच्या कारखान्यात चकचकीत गणपतींच्या रांगा होत्या, सगळे प्लास्टरचे. प्लास्टरचा गणपती म्हणजे पाप, असं मानणारं आमचं घर! मला धक्काच बसला.

"माती संपली का रे?" बाबांनी कसंबसं विचारलं.

काका साच्यातून मूर्ती सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पोत्यांनी पडलीय मागं. पण चोर म्हणालास ना, दादा. चोरीच्या मातीचा देव कसा करू?"