इंदुताईंनी बदललेली चादर

इंदुताई आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डातल्या आया. जरीपटका वस्तीतून सायकलवर येतात, पदर खोचतात आणि राउंडच्या आधी सगळ्या खाटांवरच्या चादरी अशा ताणतात की सुरकुती शोधून सापडायची नाही. सव्वीस वर्षं हेच. राउंडला मोठ्या डॉक्टरांना एखादा डाग दिसला, तर दिवसभर इंदुताईंना घास गोड लागत नाही. मी त्याच वॉर्डातली सिस्टर. या चादरींचा मला भारी अभिमान होता.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर प्रशिक्षण निघालं. डॉक्टर, सिस्टर, आया, सगळ्यांनी मिळून एक खोटा पेशंट वाचवायचा. पेशंट म्हणजे रबरी बाहुली. तिची छाती हलते, नाडी लागते, आणि काचेपलीकडून प्रशिक्षण घेणाऱ्या डॉ. चारुलता मॅडम माइकवर तिच्या वतीनं कण्हतात. मॅडमनी आधीच बजावलं, "इथं कुणी लहान-मोठं नाही. ज्याला जे दिसेल, ते त्यानं मोठ्यानं सांगायचं."

इंदुताई माझ्या कानाशी आल्या. "सिस्टर, ही बाई जिती आहे का मेली?"

"जिती समजा."

"समजू म्हणजे?"

तेवढ्यात काचेपलीकडून कण्हणं सुरू झालं.

बाहुली दोन तासांपूर्वीची बाळंतीण होती. आमचा तरुण डॉक्टर अपूर्व तिची नाडी बघू लागला, मी सलाइन लावायला वळले. रक्तदाब उतरत चालला होता. "सिस्टर, ब्लीडिंग?" त्यानं विचारलं. मी पांघरूण उचललं. पॅड कोरडं, चादर पांढरीशुभ्र. "नाही सर." मग आम्ही हृदयात बिघाड शोधला, औषधाची रिअॅक्शन शोधली, एकमेकांवर खेकसलो. नवव्या मिनिटाला बाहुली गेली.

नंतर सगळे गोल करून बसलो. मॅडम चक्रावल्या होत्या. "मी अर्धा लिटर लाल पाणी सोडलं होतं. ते गेलं कुठं?"

शेवटी इंदुताईंनी कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं.

"चादर ओली झाली होती, मॅडम. तुम्ही सगळे मशीनकडे पाहून राहिले होते, तवा बदलली. पॅड बी."

"मग सांगितलं का नाही?"

"साहेब बोलून राहिले होते न. अन् घाण त्याईले काहून दाखवायची?"

अपूर्वला हसू फुटलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "ती घाण नव्हती, इंदुताई. आम्हाला तेवढंच तर कळायला हवं होतं."

परत वॉर्डात जाताना इंदुताई जिन्यात मध्येच थांबल्या.

"सिस्टर, दिवाळीच्या आधी नरखेडकडची बाई होती न, अकरा नंबरची?"

होती. सकाळच्या राउंडला कागदावर 'ठीक' लिहिलं गेलं, आणि दुपारी ती गेली. रक्त जाऊन गेली, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

"तिची चादर मी दोनदा बदलली. कोणाले नाही सांगितलं. मीच मारलं का तिले?"

सांगितलं असतं तर ती वाचली असती का? कदाचित. कदाचित नाहीही. नाही म्हणून टाकावं, असं फार वाटलं. पण एक गोष्ट लख्ख आठवत होती आणि ती मला गिळता येईना.

"इंदुताई, दुसऱ्यांदा मीच सांगितलं होतं तुमाले. ओलं मलेही दिसलं होतं. राउंड येऊन राहिला, लवकर बदला, असं मीच म्हणलं."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"अन् तुमाले कोणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी जिन्यात उभ्या उभ्या पुष्कळ आठवून पाहिलं. ओलं लपवा, असं कुणीच सांगितलं नव्हतं.