भात सोडलेला माणूस

उन्हाळ्याच्या दुपारी मोठ्या देवळाचं दगडी पटांगण तव्यासारखं तापतं. चपला बाहेर ठेवलेल्या, त्यामुळे आम्ही सगळे टाचांवर उड्या मारत सावली गाठली. माझे वडील, अप्पा, तेवढे त्या दगडांवरून सावकाश चालत आले. पुजारी हात जोडून म्हणाला, "काय ही भक्ती!" घरी आईनं त्यांचा पाय पाहिला. तळव्यावर फोड टरारले होते.

"चटका नाही बसला?"

"कसला चटका?" अप्पा म्हणाले.

मधुमेह होऊन काही वर्षं झाली होती. पोट सुटलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळी इन्सुलिनची सुई आणि रात्री भात बंद. अप्पांनी दोन्ही पाळलं. औषधाची बाटली गार राहावी म्हणून ओल्या वाळूच्या मडक्यात असे, काचेची सुई रोज उकळली जाई. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांचं केवढं कौतुक! तंजावरात राहून भात सोडला! शेजारच्या मामी नवऱ्याला ऐकवायच्या, "बघा, शिका काही. तुम्ही बसलात की सांबाराचं भांडंच घाबरतं."

मग रात्री अप्पा खायचे काय? फलार. अमावास्येच्या रात्री आमच्याकडे भात चालत नाही, फलार चालतो. म्हणजे इडली, दोसा, उपमा. पानावर भात पडला नाही की उपास झाला. आईनं तोच नियम दुखण्याला लावला. तूपही बंद केलं, कारण तुपानं माणूस फुगतो हे सगळ्यांनाच माहीत. कोरड्या इडल्या, पोट भरेपर्यंत.

मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीत आमच्या विद्यार्थी मंडळाबरोबर कावेरीकाठच्या गावांत आहाराची पत्रकं वाटायची. त्या पत्रकात तुपाला अर्धं पान शिव्या होत्या आणि इडलीबद्दल एक अक्षर नव्हतं. मला कळलं ते घरच्या परीक्षानळीतून. अप्पा सकाळी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर धरत. रोज विटकरी रंग, म्हणजे साखर भरपूर. एकदा आई कुंभकोणमला गेली. रात्री मी अप्पांना नुसती भाजी आणि ताक दिलं. सकाळी नळी हिरवी, साखर नावापुरती.

आई परतल्यावर मी विचारलं, "इडली कशाची असते?"

"उडदाची."

"आणि?"

"तांदूळ असतात गे. पण तो भात कुठे झाला?"

"पोटाला काय कळतं, तो वाफवलाय की शिजवलाय? सगळ्याची साखरच होते. ती अंगात मुरवायला इन्सुलिन पुरत नाही. मग ती रक्तातच फिरते, नसा खाते. म्हणून चटका कळला नाही."

अप्पा हसले. "पुढारीबाई, भाषण बाहेर. इथं मतं मिळायची नाहीत."

मी डॉक्टरांकडे गेले.

"मी भात बंद करायला सांगितलं होतं. ते म्हणतात, खात नाही."

"मग काय खातात, ते विचारलंत?"

"प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात जाऊ का मी?"

जाऊ नका. विचारा! ज्या गावात माणसं तांदूळ पाच रूपांत खातात, तिथं 'भात बंद' एवढंच सांगून पुढच्या रोग्याला हाक मारायची, याला उपचार म्हणायचं? त्याही रात्री घरी इडल्याच होत्या.

फोड फुटले, जखम भरली नाही. अंगठा काळा पडला, मग पाऊल. इस्पितळात डाव्या घोट्याच्या वरून पाय कापला. मी रडले नाही. आईही नाही. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही भिंतीकडे बघत होतो.

अप्पा खाऊ लागले त्या संध्याकाळी आई डबा घेऊन आली. वरच्या खणात घेवड्याची भाजी, खाली इडल्या.

"भात नाही हं," तिनं नर्सला सांगितलं. "तूपसुद्धा लावलं नाही."

नर्सनं मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

मला केवढं बोलायचं होतं. मी डब्याचे खण सुटे करत बसले. अप्पांनी चादरीकडे पाहिलं. एका बाजूला ती सपाट पडली होती.

"आज भाषण नाही?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"भाजी वाढ," ते म्हणाले. "ताक असलं तर दे."

"एवढ्यानं पोट कसं भरेल?" आई म्हणाली.

अप्पा भाजी खात राहिले. इडल्या मी खिडकीशी उभं राहून खाल्ल्या, सगळ्या. चव कळली नाही.