गवंड्याची टोपी

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाई रडते आहे. बारामतीच्या बाहेर एका घराचं काम चालू होतं. भर उन्हात एक साठीची बाई भिंतीला गाल लावून, डोळे मिटून उभी होती. मी कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते आणि माझ्या हातात भिंतीतली ओल मोजायचं नवंकोरं यंत्र होतं.

"मावशी, बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? भिंत बगतीय."

"मग हात लावून बघा की."

तिने दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. चुन्याने खाऊन खाऊन त्यांवरच्या रेघाही राहिल्या नव्हत्या. "ह्या हातावर निखारा ठिवला तर वास आल्यावर कळंल मला. गाल खोटं बोलत न्हाय. वली हाय अजून, चार दिस थांबा."

मी यंत्र लावलं. यंत्रानेही तेच सांगितलं, पण तिच्यानंतर.

ही शेवंतामावशी, लोणी भापकरची. आमचं ऑफिस म्हणजे बारामतीत खतांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यात आमच्या मॅडम, मी आणि नकाशे काढणारा एक मुलगा. आम्ही मुरूम-मातीच्या दाबलेल्या विटांची, चुन्याच्या गिलाव्याची घरं बांधतो. ती उन्हाळ्यात गार राहतात. पेपरात आमच्याबद्दल 'पर्यावरणपूरक' असं छापून आलं होतं. मी तो शब्द मावशीला समजावून सांगितला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आमच्या आयचं घर असंच व्हतं. त्याला कुणी न्हवतं पेपरात घातलं."

नवरा गवंडी, ती त्याच्या मागे घमेलं वाहणारी. पुढे नवऱ्याचे गुडघे गेले, तेव्हा तिने थापी आणि भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा स्वतःच्या हातात घेतला. रात्री नवरा खाटेवरून सांगायचा आणि ही दिवसभर भिंत उभी करायची. दोन वर्षांनी सांगायला तोही राहिला नाही. आमच्याकडे बाईने चाळीस वर्षं बांधकामावर काढली तरी ती बिगारीच. नवे मालक साइटवर यायचे आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारायचे, "गवंडी कुठाय?"

"म्होरं हुबी हाय की. का चष्मा घरी राह्यला?"

माझंही तिच्यापुढे काही चालायचं नाही. मी कळस गावची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आर्किटेक्ट झाले तेव्हा गावाच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता, आणि त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. मावशीला मी तो फोटो मोबाइलवर दाखवला. तिने तो लांब धरून नीट पाहिला. "झ्याक हाय. फलेक्स लागला. आता एक भिंत वळंब्यात लावून दाव, म्हंजी मीबी हार घालीन." त्या दिवशी तिने मला थापी धरायला लावलं. माझी भिंत पोट काढून उभी राहिली. तिने ती पाडली आणि थापी परत माझ्या हातात दिली.

आमच्या भागात एक रीत आहे. घर पुरं झालं की वास्तुशांतीला मालक गवंड्याला बसवतो, टॉवेल खांद्यावर टाकतो, टोपी डोक्यावर घालतो, नारळ हातात देतो. चार लोकांत सांगतो, हे घर यांनी उभं केलं. मावशीने बांधलेल्या घरांत काय व्हायचं? तिला लुगडं द्यायचे, नारळ द्यायचे. आणि बाईच्या डोक्यावर टोपी कशी घालायची, म्हणून टोपी जवळ उभ्या असलेल्या कुठल्याही पुरुषाला घालायचे. एकदा ती पाण्याच्या टँकरवाल्याला मिळाली. माझा संताप झाला, तर मावशी हसायला लागली. "आसूंदे गं. त्यानं पाणी तरी आणलं व्हतं."

पण नंतर जेवताना, भाकरी मोडता मोडता, ती आपणहून बोलली. "आमचं मालक गेलं तवा त्यांच्या पेटीत नऊ टोप्या निघाल्या. येकबी वापरली न्हवती. म्हनायचे, ह्या घालायच्या नसत्यात, मोजायच्या असत्यात." मग म्हणाली, "माझी येक तरी झाली पायजे."

मग इंदापूर तालुक्यातल्या एका गावचं काम आलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे चांगली माणसंही आहेत. बचत गटाच्या बायकांना स्वतःची जागा हवी होती. एका अंगाला पापडाचं मशीन, दुसऱ्या अंगाला मुलींना अभ्यासाला बसायची खोली. जागा मिळाली ती उसाच्या दोन फडांमध्ये, कॅनॉलजवळ, बारमाही ओल असलेली. आम्ही जोतं उंच घेतलं. भिंती मावशीने उचलल्या, आणि मी एवढंच सांगते की तशा भिंती मी नंतर पाहिल्या नाहीत. गिलावा चढला तेव्हा गटाच्या बायका तिला म्हणाल्या, "मावशी, आमच्या हॉलची टोपी तुमालाच. आमी घालणार." त्या दिवशी तिने दोन वेळा चहा मागून घेतला.

गावात एक पुढारी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी परस्पर उद्घाटनाची तारीख ठरवली, मोठे पाहुणे बोलावले आणि रंगाचं काम आपल्या मेहुण्याला देऊन टाकलं. गिलावा चढून पंधरा दिवस झाले होते.

मावशी त्यांच्यासमोर गेली. "अण्णा, पाव्हण्याला तारीख आसती, चुन्याला नसती. आजून म्हैनाभर द्या. आन ह्यो चकाकनारा रंग तर कधीच नगं. हितली भुई वली हाय. भिंत आतून घामती. वरनं तुमी प्लास्टिक फासलं तर घाम कुटं जाईल?"

"मावशी, तुम्ही घमेली उचला. बाकीचं आम्ही बघतो," अण्णा म्हणाले, आणि मंडळी हसली.

मी तिथेच होते. साइटची जबाबदारी माझ्यावर होती. मी काय म्हणाले? म्हणाले, "अण्णा, तांत्रिकदृष्ट्या हे योग्य ठरणार नाही." पाच वर्षं शिकून आलेली मी, 'नाही' हा दोन अक्षरी शब्द टाळून 'तांत्रिकदृष्ट्या' म्हणाले. मॅडमनी फोनवरून भांडून पाहिलं. इमारत गावाची आहे, असं उत्तर मिळालं. दोन दिवसांत भिंती आमरसासारख्या पिवळ्याधमक झाल्या.

उद्घाटनाला मांडव, स्पीकर, शाली. "ही सुंदर वास्तू ज्यांनी उभी केली," असं म्हणून अण्णांनी आपल्या मेहुण्याला पुढे बोलावलं आणि गवंड्याची टोपी त्याच्या डोक्यावर घातली. एक वीटही न लावलेल्या माणसाच्या. बचत गटाच्या बायका मागे उभ्या होत्या, त्यांच्यात मावशी. बायकांना माइक मिळाला नाही. मी व्यासपीठावर खुर्चीत बसले होते, हातात गुलाबाचं फूल घेऊन.

परतताना जीपमध्ये मावशी खिडकीशी बसली. मग बाहेर बघतच म्हणाली, "सुरेखे, फूल हातात व्हतं न्हवं? मग तोंडाला काय झालं व्हतं?"



तीन महिन्यांत भिंतींवर फोड आले. रंगाचे पापुद्रे लोंबायला लागले, खालच्या हातभर पट्ट्यात गिलावाही फुगला. त्याचे फोटो मोबाइलवरून तालुकाभर फिरले. रंगाचं नाव कुणीच घेतलं नाही. जो तो म्हणायचा, "मातीचं काम, त्यात बाईचं. दुसरं काय होणार?" अण्णांनी दहा दिवसांनंतरची गावबैठक ठरवली. हॉल पाडायचा आणि सिमेंट-काँक्रीटचा नवा बांधायचा. ठेका कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. तोवर पापडाचं मशीन ताडपत्रीखाली आणि मुली परत मंदिराच्या ओट्यावर.

मावशी लोणी भापकरहून एसटीने आली. दोन गाड्या बदलून. बैठकीच्या आठ दिवस आधीपासून तिने भिंतींवरचा रंग खरवडायला घेतला. मजुरी न घेता, स्वयंपाकघरातल्या उलथन्यापासून पत्र्याच्या तुकड्यांपर्यंत जे हाताला येईल त्याने. गटाच्या बायका तिच्या जोडीला होत्या, आणि मीसुद्धा. माझ्या नखांत तो पिवळा रंग पंधरा दिवस राहिला. फुगलेला गिलावा काढून टाकला, रंग सोलला, भिंतीला वारा मिळाला. मावशी रोज संध्याकाळी प्रत्येक भिंतीला गाल लावायची आणि सांगायची, "उतरतंय."

बैठकीला सगळा गाव हॉलसमोर जमला. मावशीने कोपऱ्यातली पहार उचलली आणि अण्णांच्या मेहुण्यापुढे धरली.

"पाडायची हाय न्हवं? पाडा. माझ्या देखत पाडा."

मेहुणा अण्णांकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडं काय बगतोस? गवंडी हायस तू. टोपी हाय तुज्याकडं."

लोक हसले आणि त्याला पहार घ्यावी लागली. त्याने एक घाव घातला. मग दुसरा. तिसऱ्याला त्याच्याच मनगटाला झिणझिण्या आल्या असाव्यात, कारण त्याने पहार खाली टेकवली. विटेचा लिंबाएवढा टवका उडाला होता. आत वीट कोरडी, खणखणीत. मावशीने तो टवका उचलून अण्णांच्या तळहातावर ठेवला. "ही माती. ही बाईनं लावलेली. आता बोला."

अण्णा पुढारी होते, वारा ओळखत होते. ते मोठ्याने हसले. "मजबूत आहे की! राहू द्या मग. अरे, मावशींचा सत्कार करू. कुणीतरी जा रे, टॉवेल-टोपी आणा."

"नवी नगं," मावशी म्हणाली. "त्या दिशी दिलेली हाय ती आणा. ती माझी हाय."

 मेहुणा म्हणाला, दिलेला मान परत घेत नसतात. अण्णांनी समजूत घातली, "मावशी, टोपी टोपीच असती. दुकानात पन्नास मिळतील."

"मग ती येक द्यायला तुमाला जड का जातंय?"

 टोपी आली नाही. मावशीने पदराने तोंड पुसलं, आपली थापी, ओळंबा घमेल्यात टाकला आणि स्टँडकडे चालू लागली. मी मागे धावले. म्हटलं, मावशी, घ्यायची होती नवी, एक तरी झाली असती. ती थांबली. "भिंत पोट काडून हुबी असंल तर तिला रंग देऊन चालतं का? पाडून नीट लावावी लागती. शिकवलंय न्हवं तुला?"

त्यानंतर तिने आमच्याबरोबर आणखी सहा घरं बांधली. गेल्या वर्षी छातीच्या दुखण्याने ती गेली. दहाव्याच्या दिवशी लोणी भापकरला अण्णांच्या दोन गाड्या आल्या. सोबत फोटोवाला. हातात मावशीचा मोठा केलेला फोटो, हॉलमध्ये लावायला, आणि पारदर्शक कागदात गुंडाळलेली कोरी टोपी. फोटोसमोर टोपी ठेवताना आपला फोटो निघावा, अशी तयारी होती.

मी दारात उभी राहिले. या खेपेला माझ्या हातात फूल नव्हतं.

"अण्णा, तीच आहे का?"

"तीच म्हणजे कोणती?" ते म्हणाले. पण त्यांना कळलं होतं, कारण त्यांनी टोपी खाली केली.

"मग नको. घेऊन जा."

"ताई, मयताच्या दारात असं बोलू नये."

"ती जिवंत असताना तुम्ही बोलायला हवं होतं. मीही बोलायला हवं होतं. म्हणून आज बोलते. नको."

मावशीचा मुलगा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. तो बाजूला झाला नाही. गाड्या फिरल्या.

परवा त्या हॉलवर गेले होते. भिंतींना बायकांनी चुन्याचा हात दिला आहे. आत पापडाचं मशीन चालू होतं, मुली वाचत बसल्या होत्या. मी भिंतीला गाल लावला. कोरडी. दाराशेजारी, डोक्याच्या उंचीवर, एक लाकडी खुंटी ठोकलेली दिसली. तिच्यावर काहीच नव्हतं. मी विचारलं, ही कशाला?

"टोपीसाठी," मशीनवरची बाई म्हणाली. "येणारा-जाणारा विचारतो, खुंटी मोकळी का. मग आमी सांगतो टोपी कुणाच्या घरी हाय ते." आणि तिने पिठाचा हात दाराबाहेर, मेहुण्याच्या दुमजली घराकडे दाखवला.