धारवाडचं नाव नको म्हणून

माझा सोळा वर्षांचा मुलगा तेव्हा बेळगावात बालसुधारगृहात होता. मित्रांनी चोरलेल्या मोटारसायकलवर मागं बसलेला सापडला होता. भेटीच्या दिवशी मी येळ्ळूरहून गेलो, तर समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. त्या शिवमोग्ग्याकडच्या, नव्यानं आलेल्या; मराठी समजत नव्हतं. मुलाला कन्नड कळतं, पण धड बोलता येत नाही. "तो काय म्हणतो ते तुम्हीच मला सांगा," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या.

मुलगा फरशीकडं बघत म्हणाला, "झोप न्हाय, आप्पा. लई भ्या वाटतंय. जगूच नये असं वाटतंय."

मी बाईंना सांगितलं, "घरची आठवण येते म्हणतो. झोप जरा कमी आहे."

आमच्याकडं कुणी थोडा विचित्र वागला की लोक हसून म्हणतात, "ह्येला धारवाडला न्या." मनोरुग्णांचं इस्पितळ तिथं आहे. मीही कितीदा म्हटलं असेन. मुलाच्या कागदावर धारवाड आलं तर सुटका लांबेल, थोरल्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडेल, गाव काय म्हणेल, हे सगळं एका दमात डोक्यात आलं. तो जीव देईल, हे आलं नाही.

मुलानं मान वर केली. "बरं सांगितलंसा, आप्पा," एवढंच बोलून आत निघून गेला.

बाईंनी विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही," मी म्हणालो.

चालत खासबागेतल्या बसथांब्यावर आलो. गावची बस उभी होती. ओळखीच्या कंडक्टरनं हाक मारली, "चढा की अण्णा, का आमंत्रण पायजे?" पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थांबलो. आज रात्री तो तिथं एकटा, आणि त्याच्या मनातलं माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी परत फिरलो. वाटेत धावलोसुद्धा.

बाईंना म्हणालो, मघाशी मी खोटं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मुलाला बोलावून शेजारी बसवलं. "स्वतःला काही करून घ्यायचं मनात आहे का, विचारा."

पोटच्या पोराला मी ते विचारलं. तो बोलू लागला. एकेक वाक्य मी जसंच्या तसं कन्नडमध्ये सांगत गेलो. मध्येच माझा आवाज फुटेना. तेव्हा उरलेलं त्यानंच मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, बाईंकडं बघत सांगितलं.