वन्संची फुंकर

आमच्या चौलच्या आळीत तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायच्या त्या वन्संच. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच त्यांचा नवरा वारला आणि त्या माहेरी परतल्या. स्वतःचं मूल नाही, पण आळीतली निम्मी मुलं त्यांच्या पायांवर लोळून मोठी झालेली. पाय पसरून बसायच्या, बाळाला उलटंपालटं करून तेल जिरवायच्या, वरून ऊन ऊन पाणी, आणि शेवटी कानांत, नाकात, टाळूवर एकेक फुंकर. नाकातलं पाणी निघावं म्हणून. त्या फुंकरीवाचून आंघोळ पुरी झाली असं कुणी मानतच नसे. बाईंची तब्येत ठणठणीत. त्यांना शिंकताना मी कधी ऐकलं नाही.

साठ सालाच्या आगेमागे मला पहिली मुलगी झाली. बारसं व्हायच्या आतच तिच्या टाळूशेजारी एक पिवळी पुटकुळी आली. मग काखेत, मग जांघेत. अंग फणफणलं. अलिबागहून डॉक्टर आले, त्यांनी पेनिसिलीन टोचलं. त्या औषधावर तेव्हा आमचा सगळ्यांचा आंधळा विश्वास. पण ताप उतरेना, पुटकुळ्यांची गळवं झाली आणि पोर रडायचीही थांबली. ते न रडणं मला जास्त भिववत होतं.

शेजारीण बघायला आली. तिच्या भावजयीच्या मुलालाही असंच झालं होतं म्हणे, आणि पलीकडच्या वाडीतलं एक बाळ तर हाती लागलं नव्हतं. तिघांनाही वन्संनीच न्हाऊ घातलेलं.

"तिची फुंकर लागते गो," ती दारातच कुजबुजली. "वरून धडधाकट हाय, पन आत काय बसलाय, कोनाला म्हाईत?"

मी तिला तोंडावर सुनावलं आणि वाटेला लावलं. असल्या बोलण्याची मला पहिल्यापासून चीड. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा ते हसतील म्हणून मुद्दाम त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. पिशवीतून कापूस गुंडाळलेल्या काड्या काढल्या, घरातल्या प्रत्येकाच्या नाकातून एकेक फिरवली, पोरीच्या गळवातला पू घेतला आणि सगळं मुंबईला तपासायला पाठवलं. नाकात काडी जाताना वन्सं लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या होत्या.

निकाल आला. गळवात जे जंतू, तेच वन्संच्या नाकात. पेनिसिलीनला ते मुळीच दाद देत नव्हते.

"निरोगी माणसाच्या नाकातही राहतात हे," डॉक्टर म्हणाले. "त्याला काही होत नाही. कळतसुद्धा नाही."

शेजारणीच्या ज्या बोलण्याला मी खुळचट म्हणाले होते, तेच हा शिकलेला माणूस शांतपणे सांगत होता. ओट्यावर वन्सं सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मुंबईहून दुसरं औषध मागवलं आणि पोर वाचली. वन्संना नाकात लावायला मलम मिळालं. पण त्यांनी बाळांना हात लावणं सोडलं ते सोडलंच. बोलावणं यायचंही थांबलं. पाळण्याजवळून जाताना त्या श्वास रोखून धरत, छाती हलायची नाही. जिवंत माणसाला तसं चालताना बघवत नसे. एकदा दुपारी त्या आरशावर तोंडाची वाफ सोडून त्या धुरकट डागाकडे टक लावून पाहताना दिसल्या.

"काय बी दिसत न्हाय गो," त्या माझ्याकडे न वळता म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. तरी मी मुलीला कडेवर घेऊन मागच्या मागे सरले.

मला पुन्हा दिवस गेले तेव्हा मीच डॉक्टरांना गळ घातली, सगळ्यांची नाकं परत तपासा. वन्संच्या हातची आंघोळ या बाळाला मिळावी, आळीची तोंडं बंद व्हावीत, असं मला मनापासून वाटत होतं. सातव्या महिन्यात निकाल घेऊन डॉक्टर घरी आले.

"तुमच्या वन्संचं नाक साफ आहे."

मला इतका आनंद झाला की मी वन्संना हाकच मारली. डॉक्टर हातातला कागद पाहत राहिले.

"ते जंतू आता तुमच्या नाकात आहेत. मलम देतो. पण बाळंतपणाआधी जातीलच असं नाही सांगता येत."

मला साधी सर्दीसुद्धा नव्हती. पोटात बाळ हललं. मी श्वास धरून ठेवला, आणि मग तो मला सोडावाच लागला.

वन्सं येऊन शेजारी टेकल्या. कितीतरी दिवसांनी त्या कुणाला इतक्या खेटून बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला.

"भिऊ नको गो," त्या मायेनं म्हणाल्या. "पोर मी सांभालीन. पाजायपुरता तुझ्याकडं देत जाईन. तेवढा वेल तोंड फिरवून बस."