एका गाडीचे दोन फोटो

आमच्या धंद्यात एक बरं असतं. फोटो नको झाला की डिलीट करता येतो. किस्से मात्र डिलीट होत नाहीत राव! बारामतीत माझा छोटा स्टुडिओ आहे. दर हिवाळ्यात एका रविवारी इथला एक रुंद रस्ता रहदारीला बंद करतात आणि दोन्ही कडेला जुन्या गाड्या लावतात. त्या प्रदर्शनाचे फोटो काढायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडं आहे. मंडळी बारामती-इंदापूरचीच, तीच ती. चहाला बसलं की एक किस्सा निघतो आणि त्याच्यामागं दुसरा. आज निघालेच आहेत, तर ऐका.

*

पहिल्या वर्षी मी पांढरा शर्ट घालून गेलो. जुन्या गाडीचं बंपर, दिवे, चाकाच्या टोप्या, सगळं चकाचक! समोर जे असेल ते त्यात दिसतं, हे मला कुठं ठाऊक?

बावड्याचे जगूशेठ म्हणजे खताचे दुकानदार. त्यांच्याकडं वडिलांच्या वेळची जीप आहे. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट ठेवत मोजायला लागले.

"फोटोवाले, ह्यात मी एकदाच हाय. तुमी पाच ठिकानी हाय! गाडी नेमकी कुनाची?"

तेव्हापासून प्रदर्शनाला काळा शर्ट घालतो.

*

ह्याच जगूशेठच्या जीपच्या बॉनेटवर हळदी-कुंकवाची बोटं ओढलेली असतात. पुढं झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची. एका वर्षी पुण्याहून परीक्षक आले होते, फार अभ्यासू माणूस. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "गाडी उत्तम आहे, पण मूळ रूपात नाही. हे कुंकू बिंकू कंपनीनं दिलेलं नाही. गुण कापावे लागतील."

जगूशेठ एरवी गडगडाट करणारा माणूस. त्या दिवशी अगदी हळू बोलले.

"सायेब, जीप दारात आली त्या दिवशी आमच्या आयनं तिला कुंकू लावलं. त्याच्या आदी ती आमची नव्हती. कुंकवाबिगर ती कशी दिसायची हे आमच्या घरात कुनीच बगितलं न्हाय. आमच्याकडं हीच ओरिजनल!"

परीक्षकांनी कापलेले गुण परत दिले का ते मला माहीत नाही. पण जाताना त्यांनी त्याच जीपशेजारी उभं राहून माझ्याकडून स्वतःचा एक फोटो काढून घेतला.

*

आता लासुर्ण्याची लँडमास्टर. माझे निम्मे किस्से ह्या एका गाडीचे आहेत.

काळी, गोल पाठीची, भारदस्त गाडी. गावात आलेली पहिली मोटार. ती घेणारे तात्या गेले आणि त्यांच्या दोन मुलांत वाटणी झाली. थोरले आबा, धाकटे अण्णा. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, घराच्या मधोमध भिंत आली. गाडी राहिली. पंच म्हणाले, विकून पैसे वाटून घ्या. तेव्हा आक्का, म्हणजे दोघांची आई, उठून उभी राहिली. "गाडी इकायची आसंल तर आदी मला पोचवा, मग इका!"

पंचांनी डोकं चालवलं. गाडी आबांच्या शेडात, चावी अण्णांच्या घरात! एकमेकांना विचारल्याशिवाय गाडी हलणार नाही, म्हणजे भाऊ बोलायला लागतील, असा हिशेब. पण बोलले असते तर ते लासुर्ण्याचे कसले? चावी आक्काच्या हातून हिकडून तिकडं जायला लागली. निरोपही आक्काच नेणार.

प्रदर्शनाला येताना गाडी आबा चालवणार, पेट्रोल त्यांचं. जाताना अण्णा चालवणार, पेट्रोल अण्णांचं. दुसरा भाऊ मागून एस.टी.नं! आक्का मात्र जाता-येता मागच्या सीटवर, काचेशी. आणि फोटो दोन. सकाळी आल्या आल्या गाडी, आक्का आणि आबा. संध्याकाळी निघताना गाडी, आक्का आणि अण्णा. प्रिंटही दोन, भिंतीच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक.

भांडण कशावरून झालं, असं मी एकदा विचारलं. आबा म्हणाले, विहिरीच्या पाळीवरून. अण्णा म्हणाले, बांधावरच्या चिंचेवरून. म्हणजे भांडणसुद्धा वाटून घेतलेलं!

*

एका वर्षी प्रदर्शनाच्या संध्याकाळी अण्णा चहाला गेले होते. आक्कानं मला गाडीच्या काचेतून हाक मारली.

"लेका, म्या दोन्ही फोटुत हाय. दोन्ही घरी भिताडावर हाय. पर मला दोगं एका जागी कुटंच दिसत न्हाईत. म्या जायच्या आत एकात दोगास्नी घे की रं."

मी म्हणालो, "घेतो आक्का. त्यात काय अवघड आहे?"

बोलून बसलो खरा!

*

मध्ये इंदापूरच्या सरांचं सांगतो, नाहीतर राहून जाईल. निवृत्त मुख्याध्यापक, बोलणं कमी, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांची पद्मिनी, दुधावरच्या सायीच्या रंगाची. गेली दोन वर्षंच ती प्रदर्शनाला येते, त्यांचा पुतण्या चालवत आणतो. फोटोसाठी सर नेहमी डाव्या बाजूच्या सीटवर बसतात.

मला वाटलं, बुजतात. म्हणालो, "सर, मालक तुम्ही. जरा स्टिअरिंगवर बसा की, फोटोला वजन येईल!"

सर म्हणाले, "मला गाडी येत नाही."

"काय सांगता! मग एवढी वर्षं?"

"ती चालवायची." त्यांनी शेजारच्या मोकळ्या सीटकडं पाहिलं. "इंदापुरात लोक बघायला थांबायचे. मी आपला इथं बसायचो. वळण आलं की हात बाहेर काढायचं काम माझं."

सरांच्या पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मला पत्ता नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. सरांनी डावा हात खिडकीबाहेर काढला, वळणावर काढतात तसा, आणि म्हणाले, "घ्या."

*

आक्काच्या कामाला मी आधी कॉम्प्युटर लावला. सकाळचा फोटो, संध्याकाळचा फोटो, दोन्ही घेतले आणि आबांना एका बाजूला, अण्णांना दुसऱ्या बाजूला बसवलं. दोन दिवस खपलो. अशी बेमालूम जोडणी केली की माझी मलाच कळेना! प्रिंट घेऊन स्वतः लासुर्ण्याला गेलो.

आक्का अंगणात शेंगा फोडत होती. हात पदराला पुसून तिनं फोटो घेतला. आधी हसली, तोंडभर. मग उन्हाकडं धरून बराच वेळ बघत बसली.

"सावली बग," ती म्हणाली. "ह्याची हिकडं पडली. त्येची तिकडं. एका टायमाला उबी न्हाईत माजी पोरं."

मला बसायला पाट दिला, गूळ-शेंगा दिल्या. फोटो मात्र मला परत दिला. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

*

पुढच्या वर्षी म्हटलं, सरळ मार्गानं जाऊ. आबांना सांगितलं, बरोबर बारा वाजता गाडीपाशी या. अण्णांनाही तेच सांगितलं. दोघं आले! मध्ये बॉनेट, दोन्हीकडं दोघं, मागं आक्का काचेला नाक लावून.

"फोटोवाले," आबा म्हणाले, "त्यास्नी इचारा, ह्या टायमाला हितं काय काम?"

अण्णा तीन हातांवर उभे. तरी मी आपलं इमानेइतबारे वळलो, "अण्णा, आबा विचारतात..."

"आयकलं मी. त्यास्नी सांगा, फोटोवाल्यानं बोलावलं म्हनून आलोय."

मी हात जोडले. "अहो, एकमेकांशी बोलायचं नाही. हसायचं नाही. आक्कासाठी नुसतं शेजारी उभं राहायचं. एक मिनिट!"

आबांनी टोपी नीट केली. "नुसतं शेजारी ऱ्हायला जमलं आसतं, तर भित कशापायी घातली आसती?"

आणि दोघं दोन दिशांना गेले. आक्कानं आतून काच वर करून घेतली. संध्याकाळच्या फोटोत तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

*

आता यंदाचं.

आक्का खूपच थकली होती. गाडीत बसवताना दोन बायका लागल्या म्हणे. प्रदर्शन सुरू झालेलं, रस्ता माणसांनी फुललेला, आणि लँडमास्टर आपल्या जागेपासून पन्नास पावलं अलीकडं, ऐन रस्त्यात बंद पडली. तिचा पेट्रोलचा काटा किती तरी वर्षं निम्म्यावरच अडकलेला आहे, त्यामुळं त्याच्याकडं कुणी बघत नाही. आबांनी टाकीत काडी घालून पाहिली. कोरडी ठणठणीत!

तेवढ्यात एस.टी.तनं उतरून अण्णा चालत आले.

आबा मागच्या खिडकीशी वाकले. "आक्का, म्या तुला बोललो हुतो का न्हाय? दसऱ्याला पूजेच्या फेरीचं पेट्रोल माजं झालं, ह्या खेपंला येतानाचं त्येनं घालायचं, म्हनून?"

अण्णा दुसऱ्या खिडकीशी. "आक्का, मला तर कुनाचाच निरोप न्हाय!"

"इसरले बाबा," आक्का म्हणाली. "वय झालं."

ह्या आक्काला कुठली म्हैस कुठल्या वर्षी व्याली ते तोंडपाठ, बरं का.

मागं प्रदर्शनाला आलेल्या बाकीच्या गाड्यांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. संयोजकांची सात-आठ माणसं ढकलायला धावली. आक्कानं काचेतून हात बाहेर काढला आणि अशी ओरडली की सगळे जागच्या जागी थांबले.

"कुनी हात लावायचा न्हाय! ह्यांच्या गाडीला परक्याचा हात लागलेला न्हाय आजवर!"

मग खाली उतरली, दाराला धरत धरत पुढं आली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. "सरळ तर जायचंय. म्या धरते. ढकला."

संयोजकांच्या पोरांनी पुढं गाडीच्या जागेवर चाकं अडवायला विटा लावून ठेवल्या. आबा उभे, अण्णा उभे. सगळा रस्ता बघतोय. आबांनी टोपी खिशात घातली आणि डिकीच्या एका कोपऱ्याला हात लावले. अण्णांनी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि दुसऱ्या कोपऱ्याला लावले. गाडी हलेना. मग दोघांनी खांदे लावले.

"जोर लाव की," आबा म्हणाले.

"लावलाय," अण्णा म्हणाले.

अकरा वर्षांतलं हे पहिलं बोलणं. मी दुभाजकावर चढलो होतो. पुढं स्टिअरिंगमागं आक्काचा एवढासा चेहरा, मागं गाडीच्या दोन्ही अंगांना वाकलेले दोघं भाऊ. पन्नास पावलांत मी साठ-सत्तर फोटो काढले.

गाडी विटांना टेकली. मी धावत गेलो, कॅमेऱ्याचा पडदा आक्कासमोर धरला. म्हणालो, "आक्का, दोघं आले एकात! पण तोंडं खाली आहेत. अजून इथंच आहेत तोवर नीट उभं करून एक घेऊ का?"

तिनं डोळे बारीक करून बघितलं. मागं वळून दोघांकडं बघितलं. दोघंही डिकीला टेकून धापा टाकत होते.

"नको," ती म्हणाली. "दमल्याती."

*

आक्का त्यानंतर महिन्याभरात गेली. चौदाव्या दिवशी आबांचा फोन आला.

"फोटोवाले, आक्काचा त्यो ढकलतानाचा फोटो हाय न्हवं? त्यो मोठा करून द्या. फ्रेम चांगली घाला."

मी म्हणालो, "देतो आबा." आणि सवयीनं विचारलं, "दोन करायच्या ना?"

पलीकडं काहीतरी खुडबुडलं. मग दुसराच आवाज आला, अण्णांचा.

"एकच करा, फोटोवाले."