आमच्या हेल्पलाईनचं एक मिनिट पन्नास सेकंद

तुमच्या संघटनेचा नंबर तुम्ही स्वतः कधी लावून पाहिलाय का? अडचणीतल्या माणसासारखा, दुसऱ्याच्या मोबाईलवरून, मोबाईलचा मालक समोर उभा असताना? मी पाहिला नव्हता. आमच्या हेल्पलाईनचा सर्व्हर मीच बसवला होता, तरीही.

आमच्या घरात पत्रकं आधी आली, मी नंतर. वडील लिहायचे आणि मी घड्या घालायचो. त्यामुळे कोणतीही गोष्ट मला दीड पानाच्या आत सांगता येत नाही, आणि समोरच्याला तेवढा वेळ आहे की नाही हे विचारायचं सुचत नाही.

शेवगावात आमचं एका खोलीचं ऑफिस आहे. तालुक्यातली माणसं ऊसतोडीला गेली की त्यांची शाळेतली मुलं मागे राहतात. त्यांना शाळेत, दवाखान्यात, तहसीलमध्ये मोठं माणूस लागलं की आमच्यापैकी कुणीतरी जाऊन उभं राहायचं, एवढंच आमचं काम. आधी ते सगळं माझ्या आत्याच्या मोबाईलवर चालायचं. आत्यानं स्वतः कैक वर्षं ऊस तोडलेला. फोन आला की ती दोनच प्रश्न विचारायची, ‘कुनाची तू?’ आणि ‘कुटं हायेस?’ आणि चपला घालायची.

मला हे तत्त्वतः मान्य नव्हतं. चळवळ एका व्यक्तीवर अवलंबून नसावी, असं मीच एका पत्रकात लिहिलं होतं. मी नागापूरच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि कॉम्प्युटरचं थोडंफार स्वतःच शिकलोय. एक जुना कॉम्प्युटर टेबलाखाली ठेवला. त्यावर फुकट मिळणारं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं सॉफ्टवेअर चढवलं. इंटरनेटवरून फोन येणार आणि तो कुणाच्या मोबाईलवर वळवायचा हे सर्व्हर ठरवणार. आता ठरवायचं म्हटलं की तत्त्व आलंच. कार्यकारिणीचे आम्ही पाच जण. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. पहिला फोन एकाला, दुसरा दुसऱ्याला, असा समतेचा फेरा लावला. आत्या कार्यकारिणीत नव्हती, म्हणून तिचा नंबर यादीत नव्हता. आणि कुणाशी बोलणं होण्याआधी प्रत्येकाला आमची भूमिका कळावी म्हणून माझ्या आवाजात निवेदन टाकलं. लांबी एक मिनिट पन्नास सेकंद. मला ते जरा आटोपशीरच वाटलं होतं.

माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बाराच्या सुमारास ऑफिसात मी कालचे फोन स्क्रीनवर पाहत होतो.

“आत्या, हे बघ. एकाच माणसानं काल आपलं निवेदन पाच वेळा ऐकलंय. पाचही वेळा पूर्ण!”

आत्या शेंगा फोडत होती. हात थांबला.

“पाच येळा? येकच नंबर?”

“हो. विचार पोचतोय, आत्या.”

“अरं येड्या, ते ऐकत न्हाई कुनी. तू गप व्हायची वाट बघतंय. दे तो नंबर.”

तिनं स्वतःच्या मोबाईलवरून लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे एका शाळेचा क्लार्क होता, मोबाईल त्याचाच.

“तुम्ही हेल्पलाईनवाले का? नमस्कार करतो तुम्हाला! आमच्या आख्ख्या ऑफिसला पाठ झालंय तुमचं भाषण. थांबा, पोरगी इथंच बसलीय.”

पोरगी बारावीची. परीक्षेच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. मुदत कालच संपत होती, पण क्लार्कनं आज दोनपर्यंत फॉर्म धरून ठेवला होता.

“आजी, आईचा फोनच लागत न्हाई. फडात रेंज न्हाई. आज न्हाई झालं तर माजं वरीस गेलं.”

“कुनाची तू?”

तिनं आईचं नाव सांगितलं.

“तुझी आय अन् मी येका टोळीत हुतो गं. बस तितंच, हालू नको. आले.”

तेव्हा साडेबारा वाजले होते. आत्याला मोटारसायकलवर मागे घेऊन निघालो. वाटेत ती एकच वाक्य बोलली, “चळवळ मानसावर नसावी म्हंतोस, मंग कशावर असावी? डब्यावर?”

डबा म्हणजे टेबलाखालचा. मला मात्र दुसराच डबा आठवत होता. पाचांपैकी पहिला फोन फेऱ्याप्रमाणे माझ्याकडेच आला होता. माझा मोबाईल त्या वेळी कंपनीच्या गेटवर, वॉचमनच्या केबिनमधल्या पत्र्याच्या डब्यात वाजत होता. मोबाईल आत नेऊ देत नाहीत. आठ तास तो तिथंच असतो, हे मला रोजचं माहीत. तरी समतेचा फेरा लावताना आठवलं नाही. बाकीचे चार फोनही असेच कुठंतरी वाजून गेले होते.

सव्वा वाजता पोचलो. मुख्याध्यापकांनी आत्याला पाहताच फॉर्म पुढे सरकवला. दरवर्षी दोन-चार फॉर्मांवर तिचीच सही असते. ती एकेक अक्षर जोडत सही करत होती आणि मी घड्याळाकडे पाहत होतो. पोरगी माझ्याकडे पाहत होती.

“तुमीच का ते, फोनमदले?”

“हो.”

“‘शिक्षण हा आपला हक्क आहे, तो कुणाच्या मेहेरबानीवर मिळत नसतो.’ त्याच्यानंतर ‘एक दाबा’ म्हंता. मी दाबायची. मंग लई वेळ वाजायचं.”

“मग?”

“मंग परत तुमी.”

क्लार्क मान खाली घालून खो-खो हसला. आत्याची सही तेवढ्यात पूर्ण झाली. फॉर्म गेला.

त्याच दुपारी मी निवेदन काढून टाकलं आणि आत्याचा नंबर पहिला घातला. चार सहकाऱ्यांनी ठराव न करता केलेला बदल म्हणून हरकत घेतली. ती रास्तही होती. मी दीड पानाचं उत्तर लिहायला बसलो, पण आत्याकडे बघून कागद बाजूला ठेवला.

तर आता एक करा. तुमच्या मंडळाचा, पतसंस्थेचा, शाळेचा जो नंबर पत्रकावर छापलाय, तो शेजाऱ्याच्या मोबाईलवरून लावा. शेजाऱ्याला समोर उभं राहू द्या. माणूस बोलेपर्यंत त्याचा चेहरा बघा. मध्ये तुमचं भाषण लागलं, तर ते आजच काढा, आणि जी बाई खरंच फोन उचलते तिचा नंबर पहिला घाला.